अर्ध्या मिलिलिटरचं इंजिन

एका छायाचित्रात डांबरी पट्ट्यावर एक लांबलचक रेसिंग कार उभी आहे. मागची चाकं कमरेएवढी उंच, पुढची अगदीच किरकोळ. उघड्या इंजिनावर वायरी आणि नळ्यांची दाटी, उष्णतेनं निळेजांभळे पडलेले एक्झॉस्टचे पाइप, टायरवर घासल्याच्या खुणा. अमेरिकेतल्या कुठल्यातरी शर्यतीतलं दृश्य असावं, असं समजून आपण पुढे जातो. पुढच्या छायाचित्रात मात्र वरून एक हात आलेला असतो आणि त्यानं ती गाडी दोन बोटांत धरून उचललेली असते.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून अशा गाड्या बनवणाऱ्या मंडळींची ही आवडती गंमत. तिच्यात एक कोडं आहे. तेवढ्याच लांबीची खेळण्यातली गाडी दुकानातून आणा आणि हव्या त्या कोनातून तिचा फोटो काढा. ती खेळणंच दिसते. लांबी तीच, आकारही साधारण तोच. मग एक गाडी डोळ्यांना चकवते आणि दुसरी का चकवत नाही? आणखी एक: फोटोत हुबेहूब खरी वाटलेली गाडी टेबलावर समोर ठेवली की क्षणात छोटी दिसते. हे कसं?

नुसतं हातातलं कसब याचं उत्तर देत नाही. गाडी पंचवीस पटींनी लहान करता येते, पण रंगातला चमकीचा कण, गोंदाचा थेंब, डोळ्याची क्षमता, दोन डोळ्यांमधलं अंतर यांतलं काहीच तिच्यासोबत लहान होत नाही. मॉडेल बनवणाऱ्याचं निम्मं काम या तफावतीची भरपाई करण्याचं असतं. ते कसं चालतं हे समजून घ्यायला ड्रॅग रेसिंगच्या गाडीइतका चांगला नमुना दुसरा नाही.

चार सेकंदांची शर्यत

ड्रॅग रेसिंग म्हणजे मोटारींची सर्वांत सरळ शर्यत. शेजारी शेजारी दोन पट्टे, दोन गाड्या, वळण एकही नाही. उभ्या जागेवरून निघायचं आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, आधी पार करायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या गाड्या सुधारून रस्त्यांवर आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत पळवत असत. या उद्योगाला नियम आणि मैदान मिळावं म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. पुढे या खेळात गाड्यांचे अनेक वर्ग तयार झाले. त्यांतले दोन मॉडेलवाल्यांचे विशेष लाडके: पूर्ण उघडी, लांब आणि अरुंद ‘टॉप फ्युएल ड्रॅगस्टर’, आणि नेहमीच्या मोटारीसारखं दिसणारं फायबरचं अखंड कवच घातलेली ‘फनी कार’. फनी कारचं कवच मागच्या बाजूला बिजागरीवर असतं. ते उचललं की आतली गाडी उघडी पडते.

आजची टॉप फ्युएल गाडी चार सेकंदांच्या आत ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जाते. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउन इथे स्कॉट कलिटा या चालकाचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर या दोन वर्गांसाठी शर्यतीचं अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणलं गेलं.

एवढी ताकद येते कुठून? मुख्यतः इंधनातून. पेट्रोलचा एक किलो जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टॉप फ्युएलच्या टाकीत असतं ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एका किलोला सुमारे १.७ किलो हवा पुरते. किलोमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम चौथा हिस्सा. पण तेवढ्याच हवेत हे इंधन आठपटींहून जास्त कोंबता येतं. हिशेब जुळवला तर सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा सुटते. शिवाय इंजिनाच्या डोक्यावर ब्लोअर बसवलेला असतो. हा पट्ट्यावर फिरणारा पंप बाहेरची हवा दाबून आत ढकलतो.

आता या गाडीकडे मॉडेल बनवणाऱ्याच्या नजरेनं बघा. जाड इंधननळ्या, ब्लोअर, त्याचा दातेरी पट्टा, आठ स्वतंत्र एक्झॉस्ट पाइप, फ्रेमच्या नळ्या, पॅराशूट. काहीही बॉनेटखाली दडलेलं नाही. साध्या मोटारीच्या मॉडेलमध्ये बॉनेट बंद करून सुटता येतं. इथे ती सोय नाही. म्हणूनच हौशी मंडळी या गाड्यांच्या वाटेला जातात.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. पण तिथे पळतात त्या बहुतेक रस्त्यावरच्याच, सुधारून वेगवान केलेल्या मोटारी आणि मोटरसायकली. मॉडेलच्या खोक्यातली गाडी अमेरिकेचीच असते.

शोरूममधून खोक्यात

या छंदाचं सर्वांत रुळलेलं प्रमाण एकास पंचवीस. त्याचं मूळ मोटारींच्या शोरूममध्ये आहे. १९४८ मध्ये मिशिगनमध्ये एएमटी ही कंपनी निघाली. डेट्रॉइटचे मोटार कारखाने जवळच होते. नव्या गाडीचं तंतोतंत छोटं रूप बनवून ते विक्रेत्यांना पुरवणं हा तिचा धंदा. शोरूममध्ये ते ग्राहकांना दाखवायचं, त्यांच्या मुलांच्या हातात ठेवायचं. १९५८ पासून एएमटीनं त्याच गाड्या सुट्या भागांच्या खोक्यात विकायला सुरुवात केली. एका खोक्यातून तीनपैकी एक गाडी बनवता येई: कारखान्यातून निघते तशी, मनासारखी सजवलेली किंवा शर्यतीची. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एका पिढीची ड्रॅग रेसिंगशी ओळख या तिसऱ्या पर्यायामुळे झाली.

‘मोनोग्राम’ या दुसऱ्या कंपनीनं एकास चोवीस हे प्रमाण धरलं. फुटाला अर्धा इंच, म्हणजे हिशेब सोपा. दोन्ही प्रमाणांत फरक फक्त चार टक्क्यांचा. तरी एकास चोवीसच्या खोक्यातलं इंजिन एकास पंचवीसच्या गाडीत बसवलं तर बॉनेटला लागू शकतं.

१९७० च्या हंगामात ‘हॉट व्हील्स’ खेळणी बनवणारी मॅटेल कंपनी डॉन प्रुडोम आणि टॉम मॅकएवन या दोन चालकांची प्रायोजक झाली. एकाचं टोपणनाव ‘स्नेक’, दुसऱ्याचं ‘मंगूस’. साप आणि मुंगूस. प्रुडोमची पिवळी बॅराकुडा आणि मॅकएवनची लाल डस्टर या दोन फनी कार पन्नासहून अधिक वर्षांनंतरही लोक जोडीनं बनवतात.

पंचवीस, सहाशे पंचवीस, पंधरा हजार

‘पंचवीस पटींनी लहान’ हे फक्त लांबीबद्दल खरं आहे. लांबी २५ नं भागली की क्षेत्रफळ २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ नं भागलं जातं, आणि घनफळ १५,६२५ नं.

टॉप फ्युएल गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०० इंच. पंचविसानं भागलं की बरोबर १२ इंच, शाळेतल्या पट्टीएवढं. पण वजन बघा. हजारभर किलोहून थोडी जास्त भरणारी गाडी या प्रमाणात ६७ ग्रॅमची होते. तिचं ८.२ लिटरचं इंजिन होतं अर्ध्या मिलिलिटरचं. औषधाच्या ड्रॉपरमधले दहाएक थेंब त्यात मावतील.

याचा अर्थ, मॉडेल गाडीला स्वतःचं वजन असं जवळपास नसतंच. खऱ्या गाडीचा टायर तिच्या भारानं जमिनीशी थोडा सपाट होतो; मॉडेलचा होत नाही. खरी वायर स्वतःच्या वजनानं झुलते. मॉडेलची ताठ उभी राहते. डोळा हे फरक मोजत नाही, पण त्याला कुठेतरी खटकतं. म्हणून अनुभवी माणूस टायरचा तळ पॉलिश पेपरवर किंचित घासतो आणि वायरला बोटांनी बाक देतो. गुरुत्वाकर्षणाचं राहिलेलं काम हातानं पुरं करायचं.

दहा मीटरवरून

मॉडेल आपण साधारण ४० सेंटिमीटरवरून बघतो. त्याला २५ नं गुणलं की १० मीटर होतात. म्हणजे टेबलावरची गाडी बघणं हे खरी गाडी दहा मीटरवरून बघण्याच्या तोडीचं आहे. या एका हिशेबातून छंदाचे बरेच नियम निघतात.

निरोगी डोळ्याला ४० सेंटिमीटरवरून मिलिमीटरचा साधारण दहावा भाग ओळखता येतो. खऱ्या गाडीवर त्याचे होतात अडीच ते तीन मिलिमीटर. यापेक्षा बारीक काहीही दहा मीटरवरून आपल्याला दिसलंच नसतं, मग ते मॉडेलवर कोरण्यात वेळ घालवायचं कारण नाही. दहा मिलिमीटरचा बोल्ट मात्र या प्रमाणात ०.४ मिलिमीटरचा होतो. तो दिसतो, नसला तर त्याची उणीवही दिसते.

याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची. जे खऱ्या गाडीत नाही ते मॉडेलमध्ये दिसता कामा नये. खोक्यातलं कवच सुमारे एक मिलिमीटर जाडीचं असतं, कारण वितळलेलं प्लॅस्टिक त्याहून अरुंद फटीतून साच्यात नीट पसरत नाही. पण एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच सेंटिमीटर! फनी कारचं खरं कवच जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. म्हणून चाकांच्या कमानींच्या आणि खिडक्यांच्या कडा आतून तिरप्या घासतात. मधला भाग जाडच राहतो, दिसणारी कड तेवढी पातळ होते. खेळण्यातल्या गाडीवर हे कोणी करत नाही. तिच्या जाड कडा, फुगीर दारांच्या रेघा आणि गुळगुळीत बोल्ट तिचं खरं माप लगेच सांगून टाकतात.

कॅमेऱ्याला एकच डोळा

कोड्याचा दुसरा भाग दोन डोळ्यांचा. आपल्या डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. दोघांना दिसणाऱ्या चित्रांत जो फरक पडतो त्यावरून मेंदू अंतर ताडतो. दहा मीटरवरच्या खऱ्या गाडीची दोन चित्रं जवळपास सारखी असतात. ४० सेंटिमीटरवरच्या मॉडेलची बरीच वेगळी. मोठी गाडी बघून तेवढाच फरक जाणवायचा तर आपले डोळे दीड मीटरहून जास्त लांब असायला हवेत. मेंदू हे मान्य करत नाही. वस्तू लहान आहे असाच निकाल देतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्यामुळे हा पुरावा फोटोत येतच नाही.

तरी फोटोतही चोरी पकडली जाते ती धूसरपणामुळे. जवळची वस्तू टिपताना भिंगाला थोडाच भाग स्पष्ट दिसतो. गाडीचं नाक स्पष्ट आलं तर मागची चाकं पुसट होतात. उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र लहान ठेवायचं, किंवा वेगवेगळ्या भागांवर फोकस करून अनेक फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकत्र करायचे. फोनच्या कॅमेऱ्याचं भिंग मुळातच छोटं, म्हणून या कामाला तो बरा पडतो. कॅमेऱ्याची उंचीही जपावी लागते. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून दीड मीटरच्या वर असते. म्हणजे भिंग टेबलापासून सहा-सात सेंटिमीटरवर हवं. वरून घेतलेला फोटो गच्चीवरून घेतल्यासारखा येतो.

साच्याच्या खुणा, आणि गोंद

खोकं उघडलं की भाग सुटे नसतात. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या सांगाड्याला ते जोडलेले असतात. वितळलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबानं सोडतात. ते ज्या वाटांनी आत गेलं त्या वाटाच या काड्या. साचा दोन अर्धुकांचा असतो आणि ती जिथे मिळतात तिथे भागावर केसाएवढी रेघ उमटते. फ्रेमच्या नळीवर ही रेघ राहिली तर ती नळी न वाटता साच्यातून काढलेली काडी वाटते. म्हणून कटरचं पातं आडवं न धरता उभं धरतात आणि त्याच्या कडेनं रेघ हलक्या हातानं खरवडतात. प्लॅस्टिकची भुकटी निघत राहिली पाहिजे. सालं निघाली तर पातं आत घुसतंय असं समजावं. नळी दर दोन-तीन फटक्यांनी फिरवायची, नाहीतर एका बाजूला चपटी होते.

जोडायला लागतो तो गोंद खरं तर द्रावक असतो. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला लावायचं. पाण्याहून पातळ द्रव फटीतून आपोआप पुढे सरकतो. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही बाजूंचे रेणू एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि मागे प्लॅस्टिकचा एकच तुकडा उरतो. थोडक्यात, हे वेल्डिंग आहे. रंग किंवा क्रोम मध्ये असेल तर द्रावक प्लॅस्टिकपर्यंत पोचत नाही, म्हणून सांध्याची जागा आधी खरवडून घ्यावी लागते.

काचांना मात्र हा गोंद चालत नाही, आणि सुपरग्लूही नाही. सुपरग्लूची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते, ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होते आणि काचेवर पांढरी साय धरते. काचांसाठी पांढरा फेविकॉल बरा: सुकला की पारदर्शक, चुकला तर ओल्या कापडानं पुसता येतो.

आठ वायरी

समजा १९७० च्या सुमाराची फनी कार बनवायची आहे आणि तिच्यात क्रायस्लरचं ‘४२६ हेमी’ इंजिन आहे. १९६४ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत उतरलेल्या या सात लिटरच्या इंजिनानं ड्रॅग रेसिंगवर राज्य केलं. त्याचा ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असतो, दोन व्हॉल्व्ह समोरासमोर आणि स्पार्क प्लग मधोमध. त्यामुळे प्लग बाजूनं न येता वरच्या झाकणांमधून सरळ आत जातात. प्रत्येक झाकणावर ओळीनं चार भोकं. हेमी ओळखायची सर्वांत सोपी खूण हीच.

खोक्यातल्या झाकणावर या भोकांच्या जागी नुसते खळगे असतात. वायरी दिलेल्याच नसतात. प्रत्येक खळग्यात आधी सुईनं टोचा मारायचा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग बोटांत फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये ०.३५ मिलिमीटरचं पातं बसवून भोक पाडायचं. दाब द्यायचा नाही. पातं स्वतः उतरलं पाहिजे. घाई केली की ते मोडतं आणि मोडलेला तुकडा भोकात अडकून बसतो.

शर्यतीच्या इंजिनातली खरी वायर सुमारे ८ मिलिमीटर जाड असते. २५ नं भागली की ०.३२. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी बारीक वायर बाहेरच्या आवरणासकट बहुधा अर्ध्या मिलिमीटरची भरते. म्हणजे खऱ्या गाडीवर साडेबारा मिलिमीटर. फरक किरकोळ वाटतो, पण आठ वायरी एका जागी गोळा झाल्या की इंजिन भरून गेल्यासारखं दिसतं.

वायरींचं दुसरं टोक मॅग्नेटोला जातं. मॅग्नेटो हे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र, इथे इंजिनाच्या पुढच्या टोकाला बसवलेलं. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असतो. चालकाच्या डाव्या हाताला विषम आकड्यांचे सिलिंडर, उजव्या हाताला सम. म्हणजे मॅग्नेटोच्या टोपीवरून क्रमानं फिरताना वायरी डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी अशा निघतात. चार इकडे, चार तिकडे अशी नीटस विभागणी केली तर जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. अशा इंजिनात ठिणगी भलत्याच सिलिंडरला पोचली असती.

रंग: पातळ, त्याहून पातळ

साठच्या दशकातल्या ड्रॅग गाड्या चमकीच्या रंगांसाठी प्रसिद्ध होत्या. त्या रंगातले धातूचे कण मिलिमीटरच्या काही दशांशाएवढे असत. तीच चमकी मॉडेलवर मारली तर प्रत्येक कण खऱ्या गाडीवर अर्ध्या सेंटिमीटरचा किंवा त्याहून मोठा तुकडा वाटेल. म्हणून मॉडेलसाठी अगदी बारीक दळलेल्या, मोत्याच्या झळाळीच्या भुकट्या लागतात.

‘कँडी’ रंगाची तऱ्हा वेगळी. खाली चंदेरी किंवा सोनेरी थर, वर रंगीत पण पारदर्शक थर. प्रकाश वरच्या थरातून आत जातो, चंदेरीवर आपटतो आणि त्याच थरातून परत येतो. रंगातून दोनदा गेल्यामुळे त्याला खोली येते. यात अडचण अशी, की प्रत्येक हातासोबत छटा गडद होते. एका बाजूला एक हात जास्त बसला तर ती बाजू वेगळीच दिसते. एअरब्रशनं, सारख्या अंतरावरून आणि सारख्या वेगानं फवारणं हाच त्यावर इलाज.

जाडीचा हिशेब इथेही सुटत नाही. प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून ०.१ मिलिमीटरचा थर झाला तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर रंग चढल्यासारखं होतं. दारांच्या फटी या प्रमाणात ०.१५ मिलिमीटरच्या, म्हणजे बुजणारच. त्या रंगाआधी टोकदार हत्यारानं खोल करून ठेवतात.

मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारू नये. द्रावक झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग दुधाळ होतो. कोरडा दिवस निवडावा, खिडकी उघडी ठेवावी आणि द्रावकाची वाफ अडवणारा मास्क लावावा.

क्रोम आणि तापलेले पाइप

खोक्यातले चकाकते भाग क्रोमचे नसतात. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करतात आणि ती प्लॅस्टिकवर बसते. हा मुलामा सगळीकडे सारखाच झळकतो. खऱ्या इंजिनात मात्र ओतीव ॲल्युमिनियम निस्तेज, घडवलेलं पोलाद करडं आणि क्रोम फक्त काही भागांवर. म्हणून पुष्कळ जण कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून मुलामा काढून टाकतात आणि प्रत्येक भागाला त्याच्या धातूचा रंग देतात.

एक्झॉस्टच्या पाइपांत तर खरं रसायनशास्त्र आहे. पोलाद तापलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. या थराच्या वरून आणि तळावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग पुसतात, काही उजळवतात. थर पातळ असताना पिवळसर, वाढला की जांभळा, आणखी वाढला की निळा. पाइप इंजिनाजवळ सर्वांत तापतो, म्हणून निळा पट्टा तिथे आणि पिवळा बाहेरच्या बाजूला. क्रम उलटा झाला की सगळी मेहनत वाया. मॉडेलवर हे पारदर्शक निळ्या, जांभळ्या आणि पिवळ्या रंगाच्या पुसट फवाऱ्यांनी साधतं.

पाण्यातून उतरणारी नावं

प्रायोजकांची नावं, चालकाचं नाव, गाडीचा नंबर हे सगळं डिकलवर छापलेलं येतं. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर शाईचा पापुद्रा. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटतो आणि पापुद्रा सरकवून गाडीवर उतरवता येतो. खरखरीत पृष्ठभागावर मात्र तो नीट बसत नाही. खाली हवेचे बारीक कप्पे राहतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक येते. म्हणून आधी तुकतुकीत वार्निश, मग डिकल, मग पापुद्रा मऊ करणारा द्रव आणि शेवटी पुन्हा वार्निश. जुन्या खोक्यातले पिवळे पडलेले डिकल खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवले तर बरेचदा पुन्हा पांढरे होतात.

टायर चाकं खातात

ड्रॅग गाडीच्या मागच्या टायरांना नक्षी नसते आणि त्यांत हवाही अगदी कमी भरतात. सुटताना त्यांच्या भिंतींना सुरकुत्या पडतात आणि वेग वाढला की ते फुगून उंच होतात. मॉडेलचा टायर यांतलं काही करत नाही, पण एक वेगळीच खोड दाखवतो. जुन्या खोक्यांतले टायर मऊ पीव्हीसीचे असत. पीव्हीसी मुळात कडक. मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलकट द्रव मिसळतात. वर्तमानपत्रावर वडा ठेवला की त्याचं तेल जसं कागदात उतरतं, तसा हा द्रव सावकाश चाकाच्या पॉलिस्टायरीनमध्ये उतरतो आणि ते मऊ होऊन वितळल्यासारखं होतं. वीस वर्षं कपाटात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचा टायर एके दिवशी चाकात रुतलेला सापडतो. टायर बसवण्याआधी चाकाला धातूचा पातळ पत्रा गुंडाळला तर दोघांची गाठ पडत नाही.

कोणता दिवस?

एवढं करूनही एक निर्णय उरतो: ही गाडी कुठल्या दिवशीची? शर्यतीच्या गाड्या दर आठवड्याला बदलतात. प्रायोजक बदलतो, चाकं बदलतात, इंजिन फुटतं, कवच जळतं आणि नवं येतं. त्यामुळे नुसती ‘प्रुडोमची गाडी’ असं काही नसतं; एका ठरावीक शर्यतीच्या दिवशीची गाडी असते. जुने फोटो तपासणं हा म्हणूनच या छंदाचा मोठा भाग आहे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण डॉन गार्लिट्स या चालकाचं. साठच्या दशकातल्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या आसाच्याही मागे बसे. क्लच आणि गिअरची पेटी थेट त्याच्या पायांपाशी. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीची गिअरची पेटी फुटली आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. बरा होताना त्यानं इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवणारी गाडी आखली. ‘स्वँप रॅट १४’ नावाच्या या गाडीनं १९७१ मध्ये पोमोनाची ‘विंटरनॅशनल्स’ शर्यत जिंकली आणि काही वर्षांत पुढे इंजिन असलेले ड्रॅगस्टर या वर्गातून जवळजवळ नाहीसे झाले. या दोन गाड्यांची मॉडेलं शेजारी ठेवली तर बदलाचं कारण तोंडी सांगावं लागत नाही. पहिलीत चालकाच्या तंगड्या कशाच्या दोन्ही बाजूंना येतात, एवढं बघितलं की पुरे.

सुरुवात करायची तर

पहिलं खोकं फनी कारचं घ्यावं. कवच अखंड असल्यामुळे आतल्या चुका झाकता येतात. ड्रॅगस्टरमध्ये झाकायला काहीच नसतं. भाग साबणाच्या पाण्यानं धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ त्यांवर राहिलेला असतो आणि रंग धरत नाही. कँडी रंग आणि वायरी पुढच्या गाडीसाठी ठेवाव्यात. पहिल्या गाडीत साच्याच्या रेघा खरवडाव्यात, चाकांच्या कमानींच्या कडा पातळ कराव्यात आणि भरीव पाइपांच्या तोंडांत भोकं पाडावीत. या तिन्हीला पैसे लागत नाहीत, आणि खेळणं व मॉडेल यांतला निम्मा फरक त्यांतच आहे.

चौकट: खरी गाडी आणि एकास पंचवीस

- टॉप फ्युएलच्या चाकांमधलं अंतर: ७.६२ मीटर → ३०.५ सेंटिमीटर
- मागच्या टायरची उंची: ९१ सेंटिमीटर → ३.६ सेंटिमीटर
- फ्रेमची दीड इंची नळी: ३८ मिलिमीटर → १.५ मिलिमीटर
- स्पार्क प्लगची वायर: ८ मिलिमीटर → ०.३२ मिलिमीटर
- इंजिनाचं आकारमान: ८.२ लिटर → सुमारे अर्धा मिलिलिटर
- वजन: सुमारे १,०५० किलो → ६७ ग्रॅम
- पाव मैलाचा पट्टा: ४०२ मीटर → १६ मीटर
- बघण्याचं अंतर: १० मीटर → ४० सेंटिमीटर
- जे लहान होत नाही: दोन डोळ्यांमधलं अंतर, डोळ्याची क्षमता, रंगातला कण, रंगाच्या थराची जाडी